शुक्रवारची पुडी

महकामजानचे केस गेले, ही गोष्ट उघडकीस आली मंगळवारी सकाळी, एर्गश न्हाव्याच्या खुर्चीत. बायकोच्या वर्षाच्या जेवणाला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

वर्षभर त्याने डोक्यावरची दोप्पी उतरवली नव्हती. रिसालत गेली त्या दिवशी रिवाजाप्रमाणे त्याने ती काळी चौकोनी टोपी कानांपर्यंत ओढून घातली. आतल्या खोलीतल्या मोठ्या आरशावर कुणीतरी चादर टाकली. पुढे ना टोपी निघाली, ना चादर. आरशावरची चादर चाळीस दिवसांनी काढायची असते, पण ते घरातल्या बाईचं काम, आणि सूनबाई तिकडे फिरकली नाही. दाढी तो अंगणात तळहाताएवढ्या आरशात करायचा. त्यात एका वेळी एकच गाल दिसायचा. मानेवर केस आले की अंदाजानेच कात्री चालवायचा.

एर्गशने टोपी उचलली आणि त्याचा हात हवेतच थांबला.

"आका, हे कधी झालं?"

"काय कधी झालं?"

एर्गशने दुसरा आरसा घेतला आणि मागे धरला. समोरच्या आरशात पांढऱ्या केसांचा एक म्हातारा बसला होता. महकामजानने सवयीने छातीवर हात ठेवून त्याला सलाम केला. म्हाताऱ्यानेही केला. मागच्या आरशात त्याच म्हाताऱ्याच्या टाळूवर चहाच्या पेल्याएवढी गोल जागा चकाकत होती.

"हा आरसा कुठून आणलास?" महकामजानने विचारलं.

"आरसा जुनाच आहे, आका. तुम्हीच नवीन दिसताय."

"कापू नकोस. टोपी दे."

मार्गिलान शहराच्या बाजारात तीस वर्षं वजनमाप तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला असं कुणी बोललेलं खपत नाही. खोटं वजन तो तळहातावर तोलून सांगायचा. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण त्याला दहा पावलांवरून दिसायचं. "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," असं तो म्हणायचा, आणि बाजारातले लोक माना डोलवायचे. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. घरातसुद्धा तो मुरंब्याच्या बरण्या मोजायचा. रिसालत दर उन्हाळ्यात चेरीच्या मुरंब्याच्या तीस बरण्या भरायची आणि नवरोजपर्यंत त्यातल्या पाच कुठे जायच्या कळायचं नाही. माळ्यावर टांगलेल्या खरबुजांतलंही एक जायचं. संशय कोकंदच्या भाच्यावर होता. त्या भाच्याशी तो सोळा वर्षं बोलला नव्हता.

आणि केस? केस म्हणजे त्याचा अभिमान. त्रेसष्ट वर्षांचा माणूस आणि डोकं कावळ्यासारखं काळं. त्याचा बाप बेचाळिसाव्या वर्षी एका उन्हाळ्यात पांढरा झाला आणि त्याच शरदात गेला. तेव्हापासून महकामजान सगळ्यांना सांगत आला होता, "माझं डोकं पांढरं झालं की खड्डा खणायला घ्या." मग बेचाळीस उलटलं, पन्नास आलं, साठ आलं, डोकं काळंच. "आईच्या बाजूवर गेलोय मी," तो चहाखान्यात म्हणायचा आणि शेजारी बसलेल्या निशानबायच्या तुळतुळीत टकलावर टिचकी मारायचा. निशानबाय त्याचा लहानपणापासूनचा मित्र. तो चहा प्यायचा आणि काही बोलायचा नाही.

दर शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर रिसालत त्याचं डोकं धुवायची. एका वाडग्यात दही, त्यात तिच्या डब्यातली हिरवी पूड, मग तासभर डोक्याला टॉवेल. तो रेडिओ ऐकत चहा प्यायचा. "काय असतं गं यात?" त्याने एकदा विचारलं होतं. "मुळांना बळ," ती म्हणाली होती. सबंध बाजाराचे तराजू तपासणाऱ्याने तो डबा कधी उघडून पाहिला नाही.

न्हाव्याकडून घरी येताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी पहाटे तीनशे माणसं पुलावाला येणार. दाराशी त्याने उभं राहायचं. रिसालतने एकतीस वर्षं सांभाळलेलं डोकं एका वर्षात वाया घालवून तो तिच्याच जेवणाला कोणत्या तोंडाने उभा राहणार? तिने ठेवलं होतं तसं डोकं नऊ दिवसांत परत यायला हवं होतं. आणि त्याआधी हे कुणी केलं ते शोधायला हवं होतं. कारण केस आपले आपण जात नाहीत, हे त्याचं ठाम मत होतं. काहीच आपलं आपण जात नाही.

कोनाड्यात डबा नव्हता. हत्तीचं चित्र असलेला जुना चहाचा डबा. तो होता तिथे मातीवर फक्त एक गोल तपकिरी डाग होता.

"दिलोराम!"

सून हातात चहाची किटली घेऊन आली. "काय दादा?"

"आईंचा डबा कुठाय?"

"कुठला डबा?"

"हत्तीचा."

"मला नाही बाई माहीत." किटलीचं झाकण वाजलं.

महकामजानने डोळे बारीक केले. खोटं मापणारा दुकानदार आधी लपवलेल्या वजनाकडे बघतो आणि मग तपासनिसाकडे. दिलोरामने आधी आतल्या खोलीकडे पाहिलं होतं. संध्याकाळी ती भाकरी भाजायला तंदूरपाशी गेल्यावर त्याने आतली खोली उलथीपालथी करून टाकली. गाद्या, रजया, तांदळाची पोती. डबा नव्हता. न्हाणीत मात्र एक बाटली सापडली. शाम्पू. वर्षापूर्वी दिलोरामनेच आणून दिलेला, बाटलीवर केस मोकळे सोडलेली बाई. रिसालत गेली आणि ही बाटली आली. केसही तेव्हापासूनच गेले.

पुराव्याशिवाय आरोप करायचा नाही, हा त्याचा नियम. अंगणात जेवणासाठी आणलेला मेंढा बांधला होता. महकामजानने मेंढ्याची डावी बाजू शाम्पूने धुतली, उजवी तशीच ठेवली. तीन दिवस रोज. मेंढ्याचे केस गेले नाहीत. उलट डावी बाजू रेशमासारखी झाली. पण तीन दिवसांत कुठलं विष भिनतं? त्याने पुढे चालू ठेवलं, आणि दोन बाजू वेगळ्या दिसायला लागल्या म्हणून उजवीही धुतली. मुलगा म्हणाला, "दादा, कसाई कधी बोलवू?" महकामजान म्हणाला, "याला हात लावायचा नाही. तपासणी चालू आहे. मांस बाजारातून आणा."

भिंतीपलीकडच्या बायकांनी एवढंच पाहिलं, की वर्षाच्या जेवणासाठी आणलेला मेंढा कापायचं रद्द झालंय आणि म्हातारा त्याला रोज साबण लावून न्हाऊ घालतोय. असा धुऊन-पुसून मेंढा कुठे पाठवतात, ते मार्गिलानमध्ये लहान पोराला विचारलं तरी सांगेल. नवरीच्या घरी.

इकडे महकामजान बाजारात पोचला होता. जडीबुटी विकणाऱ्या अत्तारांच्या ओळीत हुरिनिसाचं दुकान. हुरिनिसा पन्नाशीची, विधवा, तोंडाची फटकळ. दहा वर्षांपूर्वी त्याने तिचा तराजू जप्त केला होता, ते ती विसरली नव्हती.

"या साहेब. तराजू बघायचाय?"

"मी तपासायला नाही आलो. रिसालत तुमच्याकडून काय न्यायची?"

हुरिनिसाचा हात मिऱ्यांच्या ढिगावरच थांबला. तिने त्याच्या टोपीकडे पाहिलं, मग शेजारच्या दुकानदाराकडे. शेजारच्याने घाईघाईने पाठ फिरवली.

"मेथी," ती म्हणाली.

"नुसती मेथी?"

"मेथी आणि... बडीशेप. पोटाला."

"मी डोक्याचं विचारतोय."

"मग मेथीच. घ्या." तिने मुठीने मेथी कागदात बांधली आणि पुढे सरकवली.

"किती झाले?"

"राहू द्या."

महकामजान तिथेच खिळून राहिला. हुरिनिसाने फुकट दिलं! जिने सख्ख्या बहिणीला जिऱ्याच्या चार दाण्यांची सूट दिली नव्हती, तिने. काहीतरी नक्की होतं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. स्टुलावर बसून राहायचा, चहा मागवायचा आणि मधेच विचारायचा, "आणि दुसरं काय न्यायची?" ती गडबडेल, तोंडातून निघून जाईल, हा हिशोब. ती गडबडली नाही. लाल मात्र झाली. लोकांनी तेवढंच पाहिलं.

मेथी वाटून लावली, काही झालं नाही. कांद्याचा रस लावला, तेव्हा चहाखान्यात त्याच्या बाजूची चौकी रिकामी झाली. फक्त निशानबाय नाक धरून बसून राहिला.

"हुरिनिसाकडे रोज जातोस म्हणे," निशानबाय म्हणाला.

"काम आहे."

"काम असणारच. पण आधी कांदा तरी धू. बाईमाणूस आहे."

"निशान, तुला काही माहीत आहे?"

"कशाचं?"

"माझ्या डोक्याचं. रिसालतच्या डब्याचं. सगळे माझ्यापासून काहीतरी लपवताहेत. सून, अत्तारीण, एर्गश. काल मशिदीत मी आत गेलो तर बोलणं थांबलं."

निशानबायने पेल्यात पाहिलं. मग वर कौलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "यंदा खरबुजं गोड आहेत, नाही?"

महकामजान उठला. निशानसुद्धा. साठ वर्षांचा दोस्त आणि खरबुजांवर बोलतो.

बुधवार उजाडला. जेवण दुसऱ्या दिवशी पहाटे. अंगणात मोठ्या कढया येऊन पडल्या होत्या, शेजारचे लोक गाजरं चिरत होते. महकामजान कोनाड्यापुढे उभा राहिला आणि तो गोल तपकिरी डाग पुन्हा बघू लागला. डबा गेला, पण डाग राहिला. डाग खोटं बोलत नाही. त्याने बोट ओलं करून घासलं. तपकिरी. शुक्रवारी रिसालतची बोटं अशीच तपकिरी दिसायची, टोकापर्यंत. शनिवारी साफ.

त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणाच्या कोपऱ्यात अक्रोडाचं झाड. हिरव्या सालीतले अक्रोड फांद्यांना लगडलेले. या झाडाचे अक्रोड रिसालत दुसऱ्या कुणाला सोलू द्यायची नाही. "हात काळे होतील तुमचे," म्हणायची. बघा! हेच तर होतं.

सगळा गुंता एका क्षणात सुटला. अक्रोडाची साल. हिरवी. दह्यात. आणि हिरव्या सालीचा डाग हाताला पडतो हे कुणाला माहीत नाही? पण दह्याने डाग जात असणार, नाहीतर तिची बोटं शनिवारी साफ कशी झाली असती? प्रमाण तेवढं ठाऊक नव्हतं. महकामजानने आपला जुना पितळी तराजू काढला आणि अर्धा किलो साल, अर्धा किलो दही असं काट्याला काटा लावून तोललं. अंदाजाने काम करणाऱ्यांचा त्याला राग होता. साल त्याने खलात स्वतः कुटली, हातांनी कालवली आणि डोक्यावर थापली. उरलेली टकलाच्या गोलावर दाबून बसवली, कारण खरी गरज तिथे होती. वर टॉवेल बांधला, कोठीमागच्या सावलीत बाजेवर आडवा झाला आणि रिसालतच्या रिवाजाप्रमाणे तासभर थांबायचं ठरवलं.

आठ दिवसांची झोप साचली होती. तो तीन तासांनी उठला, तोही दारात टॅक्सी थांबल्याच्या आवाजाने.

ताश्कंदची लेक आली होती. मुनव्वर. बॅग खाली ठेवायच्या आधी तिने विचारलं, "कोण आहे ती?"

"कोण कोण?"

"फोनवर मला तीन जणींनी सांगितलं, दादा. तीन जणींनी! मेंढा धुतलाय म्हणे. आईचं वर्ष अजून..." एवढं बोलून तिने बापाकडे नीट पाहिलं आणि बॅग हातातून सुटली. "हे काय केलंय तुम्ही!"

महकामजानने टॉवेल सोडला. टॉवेल आतून काळा होता. हात काळे होते, नखं काळी होती. त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला, तो मागच्या तीन तासांत झोपेत बऱ्याचदा फिरवलेला दिसत होता. कान काळे. कपाळावर सरळ रेघ. पांढऱ्या केसांचे काही पट्टे तपकिरी झाले होते, काही हट्टाने पांढरे राहिले होते. टक्कल मात्र सुरेख काळं झालं होतं, केसांपेक्षा कितीतरी चांगलं.

मुनव्वरने साबण लावला. दही लावलं. दिलोरामने लिंबू आणलं, राख आणली. चूल पेटवणाऱ्या आचाऱ्याने रॉकेल देऊ केलं. डाग हलला नाही. आचारी म्हणाला, "तीन आठवडे. अक्रोड सोललेले काळे हात पोरं शाळेत घेऊन जातात ना, तसंच. वेळ जाऊ द्यावा लागतो."

"उद्या पहाटे तीनशे माणसं आहेत!" महकामजान ओरडला.

"मग आका, टोपी घट्ट घाला," आचारी म्हणाला, "आणि हात हलवू नका."

गुरुवारी पहाटे गल्ली भरली. महकामजान दाराशी उभा होता. अंगात रेघांचा लांब चोगा, कमरेला रुमाल, दोप्पी भुवयांपर्यंत. हात चोग्याच्या लांब बाह्यांत आत ओढलेले. लोक येत, छातीवर हात ठेवत, तो नुसती मान लववी. शेजारी खुंट्याला मेंढा बांधलेला होता, पांढराशुभ्र, वाऱ्यावर लोकर भुरभुरत होती. जो येई तो आधी मेंढ्याकडे बघे, मग महकामजानच्या काळ्या कानांकडे, आणि मग सतरंजीकडे चालू लागे. मागून कुजबुज येत होती. त्याला शब्द कळत नव्हते, पण बाजारात तपासनीस शिरल्यावर जशी कुजबुज होते, तशीच होती.

लांबचे लोक जेवून गेले. शेवटच्या पंगतीला मोहल्ल्यातले बसले. तुराबबाबा मधोमध, मोहल्ल्याचे अक्सकाल म्हणजे मुखिया, पांढरी दाढी छातीवर. त्यांच्या एका बाजूला निशानबाय, दुसऱ्या बाजूला एर्गश. पुलाव संपला. इमामसाहेबांनी रिसालतचं नाव घेतलं आणि दुआसाठी सगळ्यांनी दोन्ही हात वर केले.

महकामजाननेही केले. रिसालतसाठीचे हात होते, बाह्यांत ठेवून कसं चाललं असतं? बाह्या कोपरापर्यंत घसरल्या. चाळीस माणसांच्या ऐंशी तळव्यांत दोन तळवे कढईच्या बुडासारखे काळे होते.

आमीन झालं. कुणी उठलं नाही. तुराबबाबांनी घसा साफ केला.

"महकामजान, वर्ष आजच संपतंय. कढई तरी गार होऊ द्यायची होतीस."

"म्हणजे?"

"हाताला मेंदी. दारात नटवलेला मेंढा. अत्तारणीकडे रोजची फेरी. आम्ही काय आंधळे? लग्न करायला मनाई नाही रे बाबा. पण आजच्या दिवशी?"

"कुणाचं लग्न!" महकामजान उभाच राहिला. "मेंदी नाही, अक्रोड आहे हा! आणि मेंढा पुरावा आहे!" त्याने दोप्पी उपटून काढली आणि डोकं सगळ्यांपुढे वाकवलं. "बघा! माझे काळे केस वर्षात कुणीतरी घालवले. रिसालतने सांभाळलेलं डोकं मला आज तिच्या जेवणाला न्यायचं होतं, बाकी काही नाही. तिच्या डब्यात काय होतं ते कुणी सांगेना, म्हणून मी माझं मी केलं."

एवढं बोलून तो लोकांच्या हसण्याची वाट बघत राहिला. पट्टेरी केस, काळं टक्कल, आणि समोर मार्गिलानचे चाळीस पुरुष. पण कुणी हसलं नाही. सगळ्या भानगडीत हेच सगळ्यात संशयास्पद होतं. त्याने एकेकाचा चेहरा तपासला. प्रत्येकाने आधी निशानबायकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"निशान," तो हळू म्हणाला. "बोल."

"नाही बोलणार. शब्द दिलाय."

"कुणाला?"

तुराबबाबा म्हणाले, "सांग आता. नाहीतर पुढच्या वेळी डांबर लावेल हा."

निशानबायने टक्कल खाजवलं. "तुझे केस काळे नव्हते रे. एकवीस वर्षं नव्हते."

"काय बरळतोस?"

"बेचाळिसाव्या वर्षी तुला पहिला पांढरा आला. तू झोपेत होतास, तिला दिसला. तू तर सगळ्या गावाला सांगून ठेवलेलंस, डोकं पांढरं झालं की खड्डा खणा. ती चहाखान्यात आली. आपल्या चहाखान्यात, बाई! उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, 'माझा माणूस हट्टी आहे. बोललाय तसं करेल. त्याला पांढरा केस मी दिसू देणार नाही. तुमच्यातल्या कुणी तोंड उघडलं तर मला येऊन सांगा, खड्डा कुणासाठी खणायचा ते मी ठरवते.' मेंदी आणि निळीची पानं होती त्या डब्यात. दर शुक्रवारी."

"आणि त्याआधीची दहा वर्षं?" महकामजानने कसंबसं विचारलं. "ती तर लग्नापासून धुवायची."

"तेव्हा नुसतं दही."

"आणि तुम्ही सगळे गप्प बसलात?"

"फुकट नाही बसलो," निशानबाय म्हणाला. "मला दर हिवाळ्यात एक खरबूज यायचं."

महकामजानचे डोळे विस्फारले. "माळ्यावरचं?"

"आणि मला मुरंबा," एर्गश खाली बघत म्हणाला. "दोन बरण्या. मुळं मला दिसायची ना, आका."

"हुरिनिसाला एक," कुणीतरी मागून म्हणालं.

तुराबबाबांनी दाढीवर हात फिरवला. "दोन माझ्याकडे यायच्या. चेरीचा. फार छान करायची."

"पाच!" महकामजान किंचाळला. "पाच बरण्या! भाच्याशी मी सोळा वर्षं बोललो नाही!"

"आणि माझं काय?" आता निशानबायचाही आवाज चढला. "एकवीस वर्षं तुझं रंगवलेलं डोकं माझ्या टकलाला टिचक्या मारत होतं, आणि मी खरबूज आठवून गप्प बसत होतो!"

तेव्हा कुठे सगळे हसले. इमामसाहेबसुद्धा. मेंढा दचकून ओरडला. तुराबबाबा डोळे पुसत म्हणाले, "जाऊ दे महकामजान. मरायचा मुहूर्त तुझा एकवीस वर्षांपूर्वीच हुकला. आता बस निवांत."

महकामजान बसला.

माणसं गेल्यावर दिलोरामने आतल्या खोलीत जाऊन आरशावरची चादर उचलली आणि आरशामागून हत्तीचा डबा काढून त्याच्यापुढे ठेवला.

"तू?" तो म्हणाला. "मी सगळी खोली उचकली होती."

"आई सांगून गेल्या होत्या, तिकडे दादा बघणार नाहीत." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "शुक्रवारी तू लाव, असंही म्हणाल्या होत्या. पण सुनेने सासऱ्याच्या डोक्याला हात कसा लावायचा, दादा? मला नाही जमलं. मग निदान तुम्हाला दिसू नये म्हणून चादर नाही काढली. शाम्पू आणून दिला. दुसरं काय करणार?"

डब्यात दोन कप्पे होते. एकात मेंदी, दुसऱ्यात निळीची पूड, मधे दाढीचा एक झिजलेला ब्रश. तो त्याचाच होता. हरवला म्हणून त्याने शेजाऱ्यावर संशय घेतला होता. सगळ्यात वर वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी होती. तीत मेंदी आणि नीळ मोजून एकत्र केलेली, एका वेळेपुरती. वर पेन्सिलीने तिच्या हाताने लिहिलेलं, 'शुक्रवार'. ती बुधवारी गेली होती.

महकामजानने पुडी तळहातावर तोलली. त्या काळ्या हातावर ती बरोबर किती भरते हे त्याला लगेच कळलं. तो आकडा त्याने कुणाला सांगितला नाही.

त्या आठवड्यात त्याने बरीच कामं उरकली. हुरिनिसाला तिचा जप्त केलेला तराजू शोधून परत नेऊन दिला, तेव्हा तिने त्याला दारातूनच हाकललं, "लोक बघताहेत, जा!" कोकंदला भाच्याला फोन केला. भाचा म्हणाला, "मामा, मला चेरी चालतच नाही. अंगावर पित्त उठतं." निशानबायला माळ्यावरचं सगळ्यात मोठं खरबूज दिलं आणि वर्षाचा हप्ता चालू राहील असं सांगितलं. मेंढा विकला नाही. हात तीन आठवड्यांनी साफ झाले. केस पांढरे झाले आणि दोप्पी आता तो फक्त मशिदीत घालतो.

डबा त्याने कोनाड्यात त्या तपकिरी गोलावर बरोबर बसवून ठेवला आहे. शुक्रवारची पुडी त्यात आहे. ती अजून फोडलेली नाही.